दोनदा लागलेला दिवा

फोनवर हजेरी घेतेस? वा गं शहाणे! "घरी आहेस ना रे?" तू विचारणार, "आहे मॅडम," तो म्हणणार, की झाली तपासणी. नोकरीला लागून दोन महिने नाही झाले आणि पळवाटा आधी शिकलीस! हसतोस काय रे तू? बहिणीला सामील आहेस वाटतं. बसा दोघं. आणि ते मोबाइल ठेवा बाजूला.

ही ऐकीव गोष्ट नाही. तू आज जिथं बसतेस, त्याच जिल्ह्याच्या देखरेख कार्यालयात मी टायपिंगला होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक तपासनीस बसायचा. आम्ही त्याला भोंगा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. पॅरोलवर सुटलेल्यांच्या घरी रात्री जायचं, दार वाजवायचं, माणूस डोळ्यांनी बघायचा आणि वहीत शेरा लिहायचा, हे त्याचं काम. पण हा पठ्ठ्या स्कूटरवरून उतरायचाच नाही. रस्त्यावरूनच हॉर्न द्यायचा. आतल्यानं खिडकीतला दिवा दोनदा लावून विझवायचा. की लिहिलं, 'घरी हजर'. सगळ्या ऑफिसला हे माहीत होतं. साहेबांना सोडून.

त्याच्या यादीत एक सुतार होता. तरुणपणी मारामारीत एकाचा जीव गेला, त्याची शिक्षा. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून शेवटचे सहा महिने घरी काढायची परवानगी मिळाली. अट एकच. रात्री नऊ ते सकाळी सहा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर परत आत, आणि ते सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. त्यानं ती अट देवासारखी पाळली. दिवसा फळ्या रंधायचा, रात्री आईला भरवायचा, आणि दहा चाळीसला हॉर्न वाजला की दोनदा दिवा. भोंग्यावर त्याचा फार जीव. "साहेब भला माणूस आहे, चारचौघांत दार वाजवून अब्रू घालवत नाही," म्हणायचा.

एकोणीस दिवस राहिले होते फक्त.

त्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी भोंग्याची वही चाळली आणि ती टेबलावर आपटली. "तुझ्या यादीत कधीच कुणी गैरहजर कसं नाही? फिरतोस की घरी बसून लिहितोस?" भोंगा घाबरला. आणि त्याच मंगळवारी, सतरा जानेवारीला, सुताराच्या खिडकीतला बल्ब उडाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

भोंग्यानं हॉर्न दिला. दिवा नाही. पुन्हा दिला. नाही. मग खिडकीत काडी पेटली, विझली. दुसरी पेटली, विझली. दारातून हाकही आली, "साहेब, आहे मी! बल्ब गेलाय!" उंबऱ्यावरूनच. रस्त्यावर येणार कसा बिचारा?

भोंग्यानं दोन्ही काड्या बघितल्या. हाक ऐकली. आणि वहीत लिहिलं, 'गैरहजर'.

सुनावणीला सुतार निवांत होता. हात जोडून म्हणाला, "साहेबांनाच विचारा. ते सांगतील." सगळे भोंग्याकडे वळले. भोंगा म्हणाला, "तीनदा दार वाजवलं. आत कुणी नव्हतं."

केसानं गळा कापला हो त्या माणसाचा! सुतार भांडला नाही, ओरडला नाही. नुसता बघत राहिला. "साहेब, तुम्ही..." एवढंच म्हणाला. आणि मी? ते वाक्य मी टाइप केलं. सगळं माहीत असून मूग गिळून बसलो. आपली नोकरी, आपली पोरंबाळं.

सुताराला परत नेलं. आठव्या दिवशी आई गेली, तिच्या मातीलाही सोडलं नाही. त्यानं अन्न टाकलं. फेब्रुवारीअखेर तोही गेला. घराला कुलूप लागलं, विजेचा मीटरसुद्धा काढून नेला.

आता नीट ऐका.

चौदा मार्च, मंगळवारच. भोंगा पुढच्या गल्लीतल्या एकाच्या तपासणीला निघाला होता. वाट त्याच घरावरून. थांबायचं काही कारण नव्हतं. पण सवयीनं अंगठा हॉर्नवर गेला. वाजला. घड्याळात दहा चाळीस.

खिडकीत दिवा लागला.

विझला.

पुन्हा लागला... विझला.

भोंगा पहिल्यांदाच स्कूटरवरून उतरला. कुणी नातेवाईक आला असेल, म्हणाला स्वतःशीच. फाटक ढकललं. दारापाशी गेला.

बाहेरून कुलूप. गंजलेलं.

का वाजवलं दार, त्याचं त्यालाच कळलं नाही. एकदा. शांत. दोनदा. शांत. तिसऱ्यांदा...

आतून... अगदी उंबऱ्यापाशी...

"आहे मी, साहेब."

...

कसा घरी पोचला, देव जाणे. सकाळी ऑफिसात आला तो पांढराफटक. वही काढायला स्कूटरची डिकी उघडली. किल्ली रात्रभर त्याच्याच खिशात होती. आत वहीवर एक बल्ब. जुना, तार तुटलेला. तो त्यानं माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "टाइप कर. खरं काय झालं, ते टाइप कर." त्याच दिवशी त्यानं नोकरी सोडली.

मी टाइप केलं? नाही केलं. पेन्शनला दोन वर्षं होती ना! तो सुतार भोंग्यावर विसंबला होता, भोंगा माझ्यावर. दोघांनाही माणूस चुकीचाच भेटला.

ते कपाट उघड गं. वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलंय. आण इकडे. घाबरतेस काय? हलवून बघ, तुटलेली तार वाजते आत. सात वर्षं कुठल्या होल्डरला लावलेला नाही.

किती वाजले रे? दहा चाळीस?

काय झालं? खाली का ठेवलास?

"काका... चटका बसला."