पेल्यावरचा पेला

पेला पडला आणि सिंधु पळाली. तिच्यामागे बायॉलॉजीचा अख्खा वर्ग पळाला, त्याच्यामागे चहा देणारा व्यंकटही किटलीसकट. दोन मिनिटांत लातूरच्या त्या क्लासचा पहिला मजला रिकामा झाला आणि खालचा रस्ता भरला. मग कळलं, की जमीन जागेवरच आहे. हलला होता तो फक्त एका नवख्या माणसाचा कोपर.

गर्दीतून वाट काढत तो माणूस सिंधुपाशी आला.

"मॅडम, चुकलं," तो म्हणाला. "भूकंप न्हाई. मीच हाय."

सिंधुला हसू फुटलं. आवाज बरा होता मेल्याचा!

सिंधु किल्लारीची. भूकंपाच्या पहाटे ती पाच वर्षांची होती. छताचं लाकूड डोक्यात बसलं, जीव वाचला, डोळे गेले. त्यानंतर तिच्या वडिलांनी घरात एक रीत पाडली. एक पेला पालथा ठेवायचा आणि त्यावर दुसरा काठावर तोलून. जमीन जराशी कापली तरी वरचा पडतो, आणि पडला की काही न विचारता बाहेर पळायचं. लातूरला क्लासमध्ये टायपिस्ट म्हणून लागली तेव्हाही तिनं टेबलाच्या कोपऱ्यात तसेच दोन पेले मांडले. पोरं हसायची. पण पेला पडल्यावर हसत थांबायची हिंमत मात्र कुणात नव्हती. ती सगळी याच भागातली होती ना!

कोपरवाल्याचं नाव शिवशंकर. गाव उमरी, नोकरी नांदेडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. क्लासला नवी मशीन बसवून, नवा वर्ड टाकून, तो शिकवून शनिवारी परत जायचं, एवढंच त्याचं काम.

आणि खरा भूकंप तो नवा वर्डच होता. सिंधु टेपवरचे प्रश्न ऐकून, कानांनीच टाइप करायची. पडद्यावर जे येईल ते एक सॉफ्टवेअर तिला वाचून दाखवायचं, आणि जुन्या वर्डचे सगळे मेनू तिला तोंडपाठ होते. ऑल्ट, मग ओ, मग सी दाबलं की पेपरचे दोन कॉलम. नव्या वर्डमध्ये ते मेनूच गेले होते. त्यांच्या जागी एक लांबलचक पट्टी आली होती आणि कानात भलतीच अक्षरं ऐकू यायची. जिथं हात टाकावा तिथं वस्तू नाही... पाच वर्षांची असताना ढिगाऱ्यात तिनं आईला असंच चाचपलं होतं.

क्लासचे मालक अमृतराव सर तसे वाईट नव्हते. शनिवारी संध्याकाळी तीनशे पोरांची टेस्ट आहे, पेपर नव्या मशीनवर निघाला तर बरंच, नाहीतर तुम्ही थोडे दिवस गावी जाऊन या, असं ते मऊ आवाजात म्हणाले. 'थोडे दिवस' म्हणजे किती, हे सिंधुला ठाऊक होतं. गावी म्हणजे दारात बाजेवर बसायचं आणि कुणी हाताला धरून नेईल तेव्हाच उठायचं.

पहिल्या दिवशी शिवशंकरनं शिकवायला सुरुवात केली, "वर डावीकडं गोल बटण दिसतंय बघा..." आणि जीभ चावली. मग तो उरलेला वेळ वायरीच जोडत बसला. सिंधुला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आल्या आल्या पडदा बंद केला. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं स्वतःच्या. वायर केवढीशी, त्यामुळे दोन खुर्च्यांना जवळ येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याच्या शर्टाला नीळ आणि उन्हाचा वास होता.

"ही बोलणारी बाई लई घाईत हाय," तो कुरकुरला.

"तुमचेच कान मंद हायत."

"खरं सांगू, मॅडम? पडदा बंद करून बसलो तर भ्या वाटून राहिलंय."

"मला रोजचंच हाय," ती म्हणाली. म्हटलं ते चेष्टेत, पण तो हसला नाही. त्या न हसण्यातच तिच्या काळजाची एक वीट सरकली, खोटं कशाला सांगू?

गुरुवारी तिच्या बोटांनी सवयीनं जुनंच दाबलं. ऑल्ट, ओ, सी... आणि कानात बाई म्हणाली, कॉलम्स. जुने मेनू दिसेनासे झाले होते, पण त्यांच्या कितीतरी वाटा आत तशाच होत्या! ज्या बुजल्या होत्या तेवढ्या नव्यानं घोकल्या. ऑल्ट, पी, एस, पी म्हणजे पेज सेटअप. चुकलं की तो टेबलावर हलकेच टिचकी मारायचा. दोन-चारदा ती मुद्दामच चुकली.

चहा पिताना तिनं त्याला गावाची एक गंमत सांगितली. आमच्याकडं स्थळ आलं की शेती-नोकरी मागाहून, आधी विचारतात, घर कसलं? दगडमातीचं म्हटलं की, भूकंपात तसलीच पडली म्हणून, चहा पाजून वाटेला लावतात. पत्र्याचं असलं तर पुढची बोलणी. ती हसली. शिवशंकरनं मात्र कप अर्ध्यावरच खाली ठेवला, आणि शुक्रवारभर कामापुरतंच बोलला. आता पेपरच्या भीतीशेजारी दुसरी एक भीती येऊन बसली, आणि तिला कुठलीच कळ लागू पडेना.

शनिवारी दुपारी अठ्ठ्याण्णव प्रश्न टाइप झाले होते. शिवशंकर टेबलाखाली प्रिंटरची वायर लावत होता. आणि पेला पडला.

या वेळी कुणाचा कोपर नव्हता. तळव्यांखाली फरशी घुमली. पोरं जिन्याकडे धावली. नेहमी सगळ्यांत आधी पळणारी सिंधु उठली, पण दाराकडे गेली नाही. तिनं पेपर सेव्ह केला, टेबलाखाली हात घालून सापडली ती कॉलर धरली आणि त्याला ओढत जिना उतरली.

धक्का लहानच होता, कपभर चहा सांडण्याएवढा. रस्त्यावर आल्यावरही तिनं कॉलर सोडली नव्हती.

"तुम्ही तर पहिल्या पळता," तो धापा टाकत म्हणाला. "आज का थांबल्या?"

"सतरा वर्षं एकटीच पळाले," सिंधु म्हणाली. "आज एकटीनं पळायचं भ्या वाटलं."

तासाभरानं पेपर छापून निघाला. दोन कॉलम, शंभर प्रश्न. अमृतराव सरांनी तो उलटसुलट पाहिला आणि सोमवारचा फिजिक्सचा पेपरही घ्या म्हणाले. सिंधुनं मान हलवली. तिचं लक्ष कानात होतं. मागे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला होता.

भूकंपाच्या वेळी तरी पळता येतं.

"घर कसलं हाय, तुमचं उमरीला?" तिनं विचारलं.

चेन अर्ध्यात थांबली.

"दगडाचं," तो फार हळू म्हणाला. "वर मातीचं जड माळवद, आज्यानं बांधलेलं. तुम्ही त्या दिवशी बोलल्या, तवापासून तेच डोक्यात हाय. म्हणून तर काल जीभ रेटली न्हाई..." तो अडखळला. "मागं एक पत्र्याची खोली हाय. पण तिथं बैलं बांधायचे, सिंधु."

पहिल्यांदाच 'मॅडम' गळलं होतं. तिनं पालथा पेला चाचपून जागेवर ठेवला, त्यावर दुसरा तोलून मांडला, आणि मग विचारलं,

"बैलं हायत अजून?"

"न्हाईत."

"मग झाडून घ्या ती खोली."