क्रूसखडपावरची लाल ओढणी

आलेख कागदावर पेन्सिलने आखलेला कार्यक्रम पंढरीनाथ गवाणकरांनी आदल्या दिवशीच फ्रिजच्या दारावर लावून ठेवला होता. ‘शनिवार, त्रयोदशी. भाईंदर पश्चिमेहून बस १०.२०. चौकचा किल्ला. उत्तनचे चर्च. जेवण. पाली. ओहोटी ४.३६. किनाऱ्यावर परत ५.१५.’ शेवटच्या दोन आकड्यांखाली दुहेरी रेघ होती.

“टेंडर काढायचं तेवढं राहिलं,” नीलमताई म्हणाल्या.

लालबाग सोडून भाईंदरला येऊन त्यांना अकरा वर्षे झाली होती. बसने पाऊण तासाच्या अंतरावर धारावी बेट, आणि ते आपण अजून पाहिले नाही, हे नीलमताईंचे जुने गाऱ्हाणे. मिठागरांच्या भरावाने बेट कधीच जमिनीला जोडले गेले आहे, असे पंढरीनाथ दर वेळी सांगत. परंतु पाच महिन्यांपूर्वी नीलमताईंच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ‘चालायला लागले की आधी ते बेट,’ हा शब्द त्यांनी नवऱ्याकडून रुग्णालयातच घेतला. पुण्याहून मुलीने, रसिकाने, फोनवर बजावले होते, “बाबा, आईचा हात सोडू नका.” चौतीस वर्षे खाडीपुलांच्या कामांवर काढलेल्या माणसाला ही सूचना अनावश्यक वाटली होती.

दिवस कागदाबरहुकूम गेला. किल्ल्याच्या बुरुजावरून खाडी आणि समुद्र एका नजरेत दिसले. उत्तनच्या चर्चमध्ये लग्न होते. बाहेर बँड वाजत होता, आणि लाल लुगडे नेसलेल्या एका बाईने ओळखदेख नसताना नीलमताईंच्या हातावर दोन गरम फुगे, मैद्याचे तळलेले गोळे, ठेवले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा, हा डॉक्टरांचा नियम पुटपुटत नीलमताई प्रत्येक पायरी उतरत होत्या.

पालीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. समोर, दोनशे पावलांवर, काळा खडप, पाण्यातला पसरट खडक, आणि त्यावर एक दगडी क्रूस. ओहोटीला तिथवर वाट उघडी पडते. गावात त्याला क्रूसखडप म्हणत.

बोंबील उलटत बसलेल्या बाईंनी हटकले. “तिकडं जातांव? मंग चपला हिथं, या धोंड्यावर ठेवा.” नाव व्हेरा, वय साठीचे. धोंडा सपाट होता आणि झिजून मध्ये खोलगट झालेला.

“का बरं?” पंढरीनाथांनी विचारले.

“आमच्यात ठेवतान. गेलेला मानूस आपल्याच चपलांत परत येतो, काका. बाकी मना काय म्हाईत न्हाय.”

“आणि नाही ठेवल्या तर?”

“ठेवा ना. तुमचं काय जातंय?”

नीलमताईंनी चपला काढून ठेवल्या. पंढरीनाथांनी शेजारी आपल्या सँडल्स ठेवल्या आणि पिशवीतले रबरी बूट चढवले. खडपाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार त्यांना ठाऊक होती. बायको अनवाणी निघालेली पाहून त्यांना राहवेना. व्हेराबाईंची पाठ वळताच त्यांनी नीलमताईंच्या चपला उचलून पिशवीत घातल्या. लागल्याच, तर हाताशी असाव्यात.

“निशाण लक्षात आहे ना?” वाटेत त्यांनी विचारले. कामावर आवाज पोचत नसे तेव्हा वापरायची ती जुनी पद्धत त्यांनी घरच्या गच्चीवर बायकोकडून दोनदा घोटून घेतली होती.

खांद्यावरच्या चौघडी लाल ओढणीला हात लावत नीलमताई म्हणाल्या, “ओढणी तीनदा हलवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. म्हणजे मी अडकले. आणि तुम्ही एक हात सरळ वर केलात की मी गप बसून राहायचं, तुम्ही येताय. बुडणाऱ्या माणसाला एवढं पाठांतर!”

खडपावर चढताना कालव लागलेच. नीलमताईंची उजवी टाच फाटली. पंढरीनाथांनी जखम धुतली, पट्टी चिकटवली आणि चपला काढण्यासाठी पिशवीत हात घातला.

“राहू द्या. त्या बाईंनी सांगितलंय ना,” चपला धोंड्यावरच आहेत या समजुतीत त्या म्हणाल्या. पंढरीनाथांनी हात तसाच बाहेर काढला. “गुडघा ठणकतोय,” त्या पुढे म्हणाल्या. “मी पलीकडच्या अंगाला बसते. तुम्ही करा तुमची मापं.”

त्या क्रुसामागे गेल्या. पंढरीनाथ टेप काढून चौथरा मोजू लागले. पूर्वेची बाजू एक मीटर बारा, पश्चिमेची एक मीटर बारा. दगडावरचे पुसट साल वाचण्यात थोडा वेळ गेला. घड्याळात पाच वाजून चार मिनिटे झाली होती. त्यांनी हाक मारली.

“चला,” मागून आवाज आला.

नीलमताई वाटेवर उभ्या होत्या, किनाऱ्याच्या बाजूला. क्रुसामागून त्या कधी आल्या, पंढरीनाथांना कळले नाही. मापात माणूस गुंततो, असे त्यांनी स्वतःला सांगितले.

परतताना त्या पुढे होत्या. आधारासाठी त्यांनी हात पुढे केला नाही. कालवांवरून, शेवाळावरून त्या घरच्या फरशीवरून चालावे तशा चालत होत्या. खडपाच्या उतारावर उजवा पाय आधी टाकला.

“गुडघा?” पंढरीनाथांनी विचारले.

“काही नाही आता.”

खाऱ्या हवेने आखडलेले सांधे मोकळे होतात, असे त्यांनी कुठेसे वाचले होते. नेमके कुठे, ते आठवेना.

पाच चौदाला ते किनाऱ्यावर पोचले. मागे वाटेवर पाणी चढू लागले होते. धोंड्यावर पंढरीनाथांच्या सँडल्स होत्या तशाच होत्या, आणि शेजारची जागा रिकामी.

व्हेराबाई टोपली घेऊन आल्या. त्यांनी धोंड्याकडे पाहिले. मग पंढरीनाथांकडे.

“बायच्या चपला कुठं हायेत?”

“माझ्या पिशवीत. टोचू नये म्हणून मी...”

“तिनं सांगितलं?”

“नाही. तिला माहीत नाही.”

व्हेराबाईंनी टोपली खाली ठेवली आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. नीलमताई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्याकडे व्हेराबाईंनी पाहिलेच नाही. खडपाकडे पाहत त्यांनी हळू विचारले, “मंग बाय अजून तिकडंच हाय ना, काका?”

पंढरीनाथ हसायला गेले. हसू आले नाही. त्यांनी पिशवीतून चपला काढल्या आणि वाळूवर ठेवल्या.

नीलमताईंनी पाय पुढे केला. मग दुसरा.

उजवी टाच कोरडी होती. पट्टी नव्हती. जखमही नव्हती.

“अहो, चला ना,” त्या म्हणाल्या. “सहा दहाची बस चुकेल.”

आवाज तोच. लाल ओढणी खांद्यावर तशीच, चौघडी. पंढरीनाथांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे टाळले आणि मान मागे वळवली.

वाट बुजली होती. खडपाच्या कडांवर पाणी आपटत होते.

“होडी,” ते म्हणाले. “व्हेराबाई, होडी मिळेल?”

“रेनॉल्डला बघते,” म्हणत त्या गावाकडे धावत सुटल्या.

क्रुसामागून काहीतरी लाल वर आले.

एकदा. दोनदा. तीनदा.

मग थांबले. जितके थांबायचे ठरले होते, बरोबर तितके.

पुन्हा एकदा. दोनदा. तीनदा.

पंढरीनाथांनी हात वर करायला बोटे हलवली. दंड जड झाला होता, वर जाईना.

शेजारी नीलमताईंनी आपला उजवा हात सरळ, उंच केला. पद्धत जशी होती, तंतोतंत तशी.

खडपावरची ओढणी हलायची थांबली. मग खाली गेली. निरोप पोचल्यासारखी तिकडची व्यक्ती क्रुसाच्या अलीकडे येऊन त्याला टेकून बसली आणि डावा गुडघा चोळत वाट पाहू लागली.