बाहेरून लागलेली कडी

राजेश्वरी एका मतानं पडली. दोनशे चौदा विरुद्ध दोनशे तेरा. ईट ग्रामपंचायतीच्या वॉर्ड तीनची पोटनिवडणूक.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती धाराशिवला हर्षालीसमोर बसली होती. लग्नाआधी स्थळांची खरीखोटी माहिती काढून देणं, हा हर्षालीचा धंदा. राजेश्वरीला घेऊन आले होते हर्षालीचे मामा शांतलिंग. ईटला त्यांचं मेडिकल आहे, आणि मतही त्याच वॉर्डात.

वॉर्डातली सदस्याची जागा मूळची राजेश्वरीच्या नवऱ्याची. सरकारी जागेवर शेड ठोकलं म्हणून शिवपुत्र अपात्र ठरला आणि त्यानं बायकोला उभं केलं. बाईनं नावापुरतं उभं राहायचं, खुर्ची नवऱ्यानं चालवायची, हा आपल्याकडचा निर्लज्ज रिवाज. पण राजेश्वरी दारोदार फिरली, बोलली, आणि लोक तिला ताई म्हणायला लागले.

मतदानाच्या दिवशी तिच्या सासूला, गिरिजाबाईंना, न्यायला चारला जीप येणार होती. हे घरातल्या तिघांनाच ठाऊक: ती, नवरा आणि थोरली जाऊ नागम्मा. ड्रायव्हरला दाराला बाहेरून कडी दिसली. म्हातारी गेली असेल, असं समजून तो वळला. गिरिजाबाई आत झोपलेल्या होत्या. जाग आली तेव्हा मतदान संपलं होतं.

"हरल्याचं न्हाय एवढं," राजेश्वरी म्हणाली. "पण कडी लावणारा रोज माझ्यासमोर चहा पीत असंल, तर मी त्या घरात कशी राहू?"

ईटला जाताना मामांची कुरकुर चालू होती. मतदान केंद्रावरच्या मॅडमनी शाई लावायला मधलं बोट धरलं. "म्या म्हणलं, बोट चुकलं. तर म्हणे, तीन आठवड्यांमागच्या झेडपीची शाई पहिल्या बोटावर अजून हाय, ह्या खेपेला मधलंच. आता डाव्या हाताला दोन-दोन काळी बोटं."

निवडून आलेला बिभीषण गुलालातच बसला होता. दिवसभर केंद्रासमोर होतो, शंभर माणसं सांगतील, म्हणाला. वर टोमणाही मारला, "घरचं दार घरच्यांना सांभाळता येत न्हाय, अन् वॉर्ड सांभाळणार."

नागम्मा भाकरी थापत होती. उमेदवारी तिलाच हवी होती, हे तिनं लपवलं नाही. पण सकाळपासून मतदान संपेपर्यंत ती जावेची एजंट म्हणून केंद्रात बसून होती. मत देऊन गेलेल्यांच्या नावापुढं तिनं खुणा केलेली मतदारयादी पिठाच्या हातानंच काढून दिली. तिच्याही दोन बोटांवर शाई होती.

शिवपुत्रनं खुर्च्या मांडल्या, चहा मागवला. साडेतीनला मत दिलं आणि शेवटपर्यंत केंद्राबाहेर लोकांना विनवत होतो, असं त्यानं सांगितलं. पुरावा म्हणून हात पुढं केला. पहिल्या बोटाचं नख काळं होतं. बाकीचा हात स्वच्छ.

हर्षालीनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. गिरिजाबाईही भिंतीला टेकून बसल्या.

"बिभीषणला जीपची वेळ माहीत नव्हती," ती म्हणाली. "नागम्मावहिनी केंद्रात होत्या. राहिले तुम्ही, शिवपुत्रभाऊ. मामा, हात दाखवा."

मामांनी हात वर केला. मग स्वतःच्याच बोटांकडं बघत राहिले. "म्हंजे ह्यांची शाई झेडपीची?"

"तीच. ह्या वेळी शाई मधल्या बोटाला लावली, हे केंद्रावर न गेलेल्या माणसाला कसं कळणार? यादीत ह्यांच्या नावापुढं खूणही नाही."

नागम्मा पुटपुटली, "घरच्या माणसाची खूण कोण बघतं?"

"स्वतःचं मत दिलं नाही, आईचं देऊ दिलं नाही. ही दोन मतं पडली असती, तर राजेश्वरीताई एका मतानं निवडून आल्या असत्या."

शिवपुत्रनं हात खिशात घातला. मग त्याच्या तोंडून निघालंच. जागा त्याची, ओळखी त्याच्या. पण हॉटेलात नवखा माणूस विचारायचा, राजेश्वरीताईंचे मालक का तुम्ही? बॅनरवर त्याचा फोटो बटणाएवढा. "मला नाव राहिलं न्हवतं," तो म्हणाला.

"म्हणून मला कोंडलंस?" गिरिजाबाईंनी विचारलं.

राजेश्वरी रडली नाही. उठून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"दीड वर्षानं सगळ्या पंचायतीची निवडणूक हाय. तवर तुमची अपात्रता बी संपंल. फॉर्म भरा." ती क्षणभर थांबली. "माझ्याच वॉर्डात. माझ्याविरुद्ध."