कोपऱ्यातली दोरी

माझ्या दादाला टीव्हीवरची मुखवटेवाल्यांची कुस्ती खरी वाटते, असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. छापखान्यात भल्यामोठ्या मशीनवर काम करणारा माणूस इतका भोळा नसतो. "ठरलेलं असतं गं," तो म्हणतो, "पण खोटं नसतं. पाठ आपटते ती खरीच आपटते की नाही?" यावर उत्तर द्यायला जावं तर तो तासभर ऐकवतो, म्हणून घरात या विषयावर त्याच्याशी कुणी वाद घालत नाही.

कुस्तीइतकंच वेड सुपरहिरोंच्या कॉमिक्सचं. मी रुग्णालयात एक्स-रे काढते. आमच्याकडची मोठी रिकामी पाकिटं मी त्याला आणून देते आणि त्यांत तो एकेक अंक जपून ठेवतो. एकदा वहिनीने आपल्या गुडघ्याची फिल्म म्हणून हाडांच्या डॉक्टरांपुढे पाकीट ठेवलं, तर आतून अख्खी इमारत खांद्यावर घेतलेला एक निळा माणूस निघाला. "गुडघे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन वहिनीने दादाची जी हजेरी घेतली, ती शेजाऱ्यांनाही पाठ आहे.

लहानपणी दादाने स्वतःचाच एक वीर तयार केला होता. नाव भिंतफोड्या. हिरवा मुखवटा, दाराएवढे खांदे आणि उजव्या हाताची करंगळी वाकडी. वाकडी, कारण दादाला ती कधी सरळ काढता आली नाही; मग कुठल्याशा लढतीत ती मोडली आणि तशीच जुळली, असं त्याने ठरवून टाकलं. "नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणायची.

भिंतफोड्या हा दादाचा जोडीदार. आईबाबांच्या गादीवर आमची जोडीची कुस्ती चाले, समोर उशा. पलंगाच्या कोपऱ्याला पायजम्याची नाडी बांधलेली असे. जोडीतला एक आत लढतो, दुसरा बाहेर कोपऱ्यात दोरी धरून उभा राहतो. आतल्याने हातावर हात मारल्याशिवाय बाहेरच्याने आत पाऊल टाकायचं नाही, आणि दोरी सुटलेली असेल तर ती टाळी धरली जात नाही. खऱ्या रिंगमध्येही हाच नियम आहे. मी सगळ्यांत लहान, म्हणून मी रेफरी. दादा आजही मला त्याच नावाने हाक मारतो.

कधीकधी मलाही आत घ्या म्हणून मी भोकाड पसरायची आणि तळवा पुढे करायची. मग दादा भिंतफोड्या होऊन यायचा, माझी बोटं एकेक करून मिटवायचा आणि जाड आवाजात सांगायचा, "अजून दम आहे." म्हणजे तुझी पाळी आली नाही, तू निवांत राहा. माझं रडं तिथेच थांबायचं.

या वर्षी दादाला ताप आला आणि बघता बघता मेंदूला सूज चढली. आमच्याच रुग्णालयात, अतिदक्षता विभागात, खिडकीजवळच्या पलंगावर तो बेशुद्ध पडून होता. पहिल्या दिवशी झटक्यांत त्याने नळी ओढून काढली, म्हणून त्याचं उजवं मनगट मऊ पट्टीने कठड्याला बांधलेलं असे. पलंगाभोवती फिका पिवळा पडदा, तो ओढायला एक पांढरी सुती दोरी. सूज हळूहळू उतरली. श्वास त्याचा तो घेऊ लागला. पण डोळे उघडेनात.

मोठे डॉक्टर रोज दुपारी यायचे. दादाचा मोकळा डावा हात वर उचलून सोडून द्यायचे. तो धपकन पडायचा. पुन्हा उचलायचे, पुन्हा पडायचा. मग ते पुढच्या पलंगाकडे वळायचे.

मला हे बघवत नसे, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं. कुस्तीतला गडी गळपकडीत निपचित पडला की रेफरीही त्याचा हात असाच उचलून सोडतो. पहिल्यांदा पडतो, दुसऱ्यांदा पडतो. तिसऱ्यांदा तो वरच राहतो, हे शेंबडं पोरही जाणतं. डॉक्टर दोनदा करून थांबायचे.

"आठवडाअखेरपर्यंत प्रतिसाद दिसला नाही, तर मागच्या वॉर्डात हलवू," ते म्हणाले. मागचा वॉर्ड मला माहीत होता. तिथे माणसं जिवंत राहतात. तिथून चालत घरी गेलेलं मी कुणी पाहिलेलं नाही.

वहिनी रोज एक पाकीट घेऊन यायची आणि त्याच्या उशाशी बसून कॉमिक वाचून दाखवायची. मिटलेल्या डोळ्यांना कॉमिक वाचून दाखवणं सोपं नाही.

"आता त्याने बस उचलली," ती सांगायची. "का उचलली कुणास ठाऊक. आत माणसं आहेत. आता तो उडाला. ताई, इथे नुसतं 'धडाम्' लिहिलंय, ते कसं वाचू?"

"मोठ्याने," मी म्हटलं.

वहिनी 'धडाम्' म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मीही रडले. मग नाक पुसून ती म्हणाली, "उठू दे ह्यांना, जन्मभर वाचून दाखवीन. एक शब्द बोलणार नाही." हे तिला झेपणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

त्याच दुपारी पडदा सरकेना. खाली वाकून पाहिलं तर पडद्याच्या दोरीचं टोक पलंगाच्या पायथ्याकडच्या उजव्या कोपऱ्याला बांधलेलं होतं. मी ते सोडलं आणि सिस्टरला म्हटलं, असं बांधत जाऊ नका.

"मी कशाला बांधू?" सिस्टर म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच बांधलंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा सोडलं. सफाईवाल्या मावशींना विचारलं, वहिनीला विचारलं. कुणी बांधलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला गाठ सोडताना माझ्या लक्षात आलं की दोरी दोन्ही टोकांना कोरडी आहे आणि मधे ओली. ओली आणि कोमट, कुणीतरी बराच वेळ घामेजल्या मुठीत धरून ठेवल्यासारखी. मी हात पुसले. वरून पाणी गळत असेल असं स्वतःला सांगितलं आणि छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझा विश्वास फिल्मवर. हाड मोडलेलं असेल तर दिसतं, नसेल तर दिसत नाही. बाकी सगळ्या गप्पा.

दादाचा उजवा हात सुजला होता. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलं. चाकांचं यंत्र घेऊन मीच गेले. हाताखाली एक्स-रेची पाटी सरकवली, सिस्टरला बाजूला व्हायला सांगितलं, बटण दाबलं. यंत्राच्या पडद्यावर चित्र उमटलं.

दादाचा हात नीट दिसत होता. सगळी हाडं शाबूत. पण पायथ्याच्या बाजूने, पाटीच्या कडेवरून, आणखी एक हात आत आला होता. मनगट नव्हतं, नुसती पाच बोटं, दादाच्या बोटांच्या दिशेने ताणलेली. दादाच्या बोटांहून जाड. दोन्हींच्या मधे जेमतेम दोन बोटांचं अंतर. त्या हाताची करंगळी मधल्या सांध्याजवळ वाकडी होती. जुनं मोडलेलं हाड वाकडंच जुळलं की जसं दिसतं, तसंच.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"हललं," मी म्हटलं. "परत काढते."

परत काढलेल्यात फक्त दादाचा हात होता. आधीच्या रुग्णाची प्रतिमा पाटीवर उरली असेल म्हणून मी तपासलं. आधीच्या रुग्णाचं पोट होतं. पहिलं चित्र मी पुन्हा उघडलं. ती बोटं तिथेच होती.

त्या रात्री झोप लागली नाही. ते काय होतं, हा विचार मी बाजूला ठेवला. मला खात होती ती दुसरीच गोष्ट. कुणीतरी रोज कोपऱ्यात दोरी बांधत होतं आणि मी, रेफरी, रोज ती सोडत होते. आणि आतल्या गड्याचा हात आम्ही कठड्याला बांधून ठेवला होता.

आठवड्याचा शेवटचा दिवस. डॉक्टर येऊन गेले. हात दोनदा उचलला, दोनदा पडला. "उद्या सकाळी हलवू," ते म्हणाले. वहिनी माहेरी फोन करायला बाहेर गेली. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं.

मी पडदा ओढून घेतला. त्या दिवशी दोरी मोकळी लोंबत होती. मीच सकाळी सोडली होती.

ती मी कोपऱ्याला बांधली. गाठ पक्की केली आणि दूर झाले.

दोरी सैल होती. ती सावकाश ताठ झाली.

जुन्या मलमाचा आणि घामाचा वास आला. मी कोपऱ्याकडे पाहिलं नाही. दादाच्या मनगटाची पट्टी सोडली.

उजवा हात उचलला. सोडला. पडला.

पुन्हा उचलला. पडला.

"दादा," मी म्हटलं, "ही तिसरी."

उचलला. क्षणभर तसाच धरून ठेवला. मग सोडला.

पडला नाही.

हात हवेत होता. थरथरत होता, पण वर होता. मग तो हळूच पायथ्याकडे कलला, बोटं ताणली गेली, आणि टाळी वाजली. एकच. खणखणीत.

दोरी सैल पडली.

"टाळी कुणी वाजवली?" सिस्टरने पडद्याबाहेरून विचारलं.

दादाचे डोळे उघडे होते, आणि तो माझ्याकडे पाहत होता.

आता दादा घरी आहे. काठी घेऊन चालतो, वहिनीच्या नकळत भरल्या पोटी आणखी खातो, पुढच्या महिन्यात छापखान्यात जायचं म्हणतो. डॉक्टर म्हणतात, अशी सुधारणा क्वचित दिसते. वहिनी वाचून दाखवते आणि दर पानाला दोन शब्द बोलतेच.

एकच गोष्ट नवी आहे. खिडकीच्या गजाला दादाने पायजम्याची नाडी बांधली आहे आणि दुपारी ती हातात धरून तो खुर्चीत बसतो. मी विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं.

"तो आत आहे ना अजून. मी बाहेर आलो, तो आत गेला. मग दोरी कुणी धरायची?"

"आत कोण आहे त्याच्यासमोर?"

"मी धड पाहिलं नाही, रेफरी. त्याने मागून धरलं होतं."

"आणि भिंतफोड्याने हात पुढे केला तर?"

"तर जावं लागेल. नियम तो नियम." मग तो हसला. "तू घाबरू नकोस. गडी मी काढलेला आहे."

वहिनी या प्रकाराला हसत नाही. नाडी मळली की ती धुते, आणि वाळेपर्यंत दुसरी बांधून ठेवते.

काल दुपारी मी गेले तेव्हा दादा खुर्चीत झोपला होता. छातीवर कॉमिक पालथं, तोंड उघडं, चांगला घोरत होता. नाडी त्याच्या हातातून सुटून गजाला लोंबत होती. वहिनी आत कपड्यांच्या घड्या घालत होती.

मी नाडी धरली. एवढी शिकलेली बाई भरदुपारी पायजम्याची नाडी धरून उभी, म्हणून मला माझंच हसू आलं. मग सगळं करायचं तर नीट करावं, म्हणून मी दुसरा हात खोलीकडे पुढे केला. तळवा उघडा.

नाडी माझ्या मुठीत ताणली गेली.

कुणीतरी माझा अंगठा मिटवला. मग तर्जनी. मग मधलं बोट. घाई नव्हती. हात घामाने ओला होता, गरम होता, धाप लागलेल्या माणसाचा असतो तसा. अनामिका मिटली. शेवटी करंगळी. मग सगळ्या मुठीवर तो हात क्षणभर टेकला, आणि माझ्या बोटांवर त्याची चार बोटं सरळ लागली, पाचवं वाकडं.

मी दादाला उठवलं नाही.