तिसऱ्या कॅमेऱ्यातल्या बाई

"मामा, यात ग्रंथपालबाई कुठेच कशा नाहीत?" चिमणीने विचारलं.

सुट्टी लागल्यापासून ती आणि तिचा भाऊ बंड्या मामाच्या स्टुडिओत पडीक होते. मामाने वाचनालयाच्या समितीच्या सभेचं तीन कॅमेऱ्यांनी चित्रण केलं होतं आणि त्यातून एक व्हिडिओ जोडला होता. मुलांची खोली बंद करून तिथे कार्यालय करायचं, असं अध्यक्षांच्या मनात होतं. आज संध्याकाळी सगळे सभासद हा व्हिडिओ बघून मत देणार होते.

"त्या बोलल्याच नाहीत. ज्याचा आवाज, त्याचा चेहरा. माझं काम सरळ आहे," म्हणत मामा जेवायला घरी गेला.

"बाई आणि गप्प?" चिमणीला पटेना. "परवा तू पान फाडलंस तेव्हा अर्धा तास ऐकवलं की तुला."

"पाऊण तास," बंड्या म्हणाला.

चिमणीने तिसऱ्या कॅमेऱ्याचं मूळ चित्रण लावलं. अध्यक्ष म्हणत होते, "हल्ली मुलं वाचायला येतात कुठे?" त्याबरोबर समितीतल्या तिघांच्या माना वळल्या, बाईंकडे. बाई पुढे सरकल्या, वही उघडली, बोलायला श्वास घेतला. तेवढ्यात अध्यक्ष पुन्हा सुरू झाले. बाईंनी वही मिटली.

असं चारदा झालं होतं.

"उत्तर कुणाकडे आहे, ते बाकीच्यांना माहीत होतं," बंड्या हळूच म्हणाला.

मग दोघं कामाला लागले. आवाज तसाच ठेवला. फक्त माना वळल्या की चित्र बाईंवर नेलं. मामा परतला आणि मुलांनी व्हिडिओला हात लावलेला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण बघता बघता खाली बसला.

"दोन दिवस हेच बघतोय मी," तो म्हणाला.

"बघत नव्हतास, ऐकत होतास," चिमणी म्हणाली.

"राहू दे असंच."

संध्याकाळी पडद्यावर चौथ्यांदा वही मिटली, तेव्हा सभागृहातल्या सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. शेवटी अध्यक्षांनीच विचारलं, "बाई, काय सांगायचं होतं तुम्हाला?"

बाई उठल्या. "गेल्या महिन्यात एकशे चौऱ्याऐंशी मुलं आली. जागा नव्हती म्हणून कित्येक जिन्यात बसून वाचत होती."

हात वर झाले. खोली राहिली.

नंतर अध्यक्ष मुलांपाशी आले. "मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो रे," ते म्हणाले. "मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं. शाबास."