संपाच्या दिवसांतली बाबागाडी

एकाच बाबागाडीच्या दांड्यावर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले. रीतीप्रमाणे एकानं तरी चटकन हात काढायला हवा होता. मी बाई, तेव्हा त्या अनोळखी गृहस्थांनी काढावा असं मला वाटलं. आपण आधी आलो, तेव्हा हिनं काढावा असं त्यांना वाटलं असणार.

"मी आधी बघितलीय," मी म्हटलं.

"मी रस्त्यावरनंच बघितली होती," ते म्हणाले. "तुम्ही आत येऊन बघितली."

बाहेर मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन रणरणत होतं. आत वीरभद्रप्पांच्या दुकानात वेताच्या पाळण्यांचा आणि ताज्या रंगाचा वास. वीरभद्रप्पा म्हणजे गादीवरून न उठता धंदा करणारा माणूस. पण मी गाडी जराशी पुढं ढकलली मात्र, ते ताडकन उठले.

"आं, आं! रिकामी ढकलू नका, अक्का! रिकामा पाळणा हलवतं का कुनी? लेकराला बरं नसतंय ते."

आणि त्यांनी आपल्या पाठीमागचा तक्क्या उचलून गाडीत निजवला.

आम्ही दोघांनी वाकून आत बघितलं. गोल, गुबगुबीत, पांढऱ्या खोळीतला तक्क्या. त्या गृहस्थांनी एकदा तक्क्याकडे पाहिलं, एकदा वीरभद्रप्पांकडे, आणि गंभीरपणे म्हणाले, "वडिलांवर गेलाय."

मला हसू आवरेना. शाळेतल्या मुलींनी ज्या चन्नम्माबाईंना कधी हसताना बघितलं नव्हतं, त्या बाई भर दुकानात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

गाडी मात्र वाईट निघाली. सरळ ढकलली की डावीकडे ओढायची. दुसरी नव्हती. नवा माल मुंबईहून यायचा, आणि रेल्वेचा संप सुरू झालेला. "गाड्या चालू झाल्या की या," वीरभद्रप्पा म्हणाले, आणि उगाच बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "लेकरू कुनाचं वो?"

"बहिणीचं," मी.

"आमच्या साहेबांचं," ते.

"म्हंजे दोघांचंबी दुसऱ्याचंच की!"

त्यांनी अगदी सहज म्हटलं. पण या वेळी आम्ही दोघंही हसलो नाही.

घरी आले तर बाळाला बघायला बायका जमलेल्या. माझी धाकटी बहीण लीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आता बाळ अंगानं भरलं, गाड्या सुरू झाल्या की ती पुण्याला परत जाणार, आणि तिच्या सासरच्या पाहुण्यांनी पाळण्याऐवजी बाबागाडी मागितली होती. लीलाची बँकेत नोकरी. बाळाला सांभाळणार कोण? तर चन्नाक्का! मी शाळेचा राजीनामा द्यायचा आणि पुण्याला जाऊन राहायचं, हे एका दुपारी ठरून गेलं. मी तेव्हा चहा गाळत होते. कप घेऊन बाहेर आले तेव्हा सगळं ठरलेलं होतं.

कुणी वाईट नव्हतं हो. अप्पा, आमचे वडील, गेले तेव्हा मी कॉलेजात होते. नोकरी धरली, लीलाला शिकवलं, तिचं लग्न केलं. माझं लग्न राहिलं. 'राहिलं' हा शब्द आमच्या घरी 'दूध आणायचं राहिलं' अशा सुरात म्हणत. पुढं पुढं तोही म्हणायचे बंद झाले. मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा दुकानात गेले. गाड्या बंद आहेत हे मला ठाऊक होतं, पेपर मी रोज वाचत होते. तरी गेले. ते तिथं होतेच.

"माल आला का बघायला आलो," ते म्हणाले.

"मीही."

"बैलगाडीनं आणतील असं वाटलं..."

"मुंबईहून?"

"प्रयत्न करणाऱ्याला काय अशक्य आहे, बाई!"

वीरभद्रप्पांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि गल्ल्यावरची धूळ झटकायला घेतली.

त्यांचं नाव शिवपुत्र. गाव जेऊर, नोकरी पाटबंधारे खात्यात, राहायला एक भाड्याची खोली, जेवायला खानावळ. आमचं ठरलं की माल येईपर्यंत आपण निदान चांगली बाबागाडी कशी असते याचा अभ्यास तरी करू. म्हणून संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठानं हिंडायचं आणि लोकांच्या बाबागाड्या बघायच्या. आता सोलापुरात बाबागाड्या असून असून किती असणार? एखादी दिसली तर दिसली. पण अभ्यास म्हटला की चिकाटी हवी.

"ती बघा, छपरीवाली," मी म्हणायची.

"चाकं लहान आहेत. आपल्या रस्त्यांवर बाळाची हाडं खिळखिळी होतील."

"तुम्हाला बाळांची बरीच माहिती दिसते."

"माहिती कसली? साहेबांनी सांगितलं, 'शिवपुत्र, तूच आण.'" त्यांनी एक खडा पाण्यात टाकला. "कुणाचं लग्न असू दे, बारसं असू दे, कुणाच्या आजोबांना स्टेशनवर उतरवून घ्यायचं असू दे. 'शिवपुत्रला सांगा, त्याला घरी कोण हाय?' प्रेमानंच म्हणतात. पण रोज ऐकलं ना, बाई... की खोलीचं कुलूप काढताना आवाज लई मोठा येतो."

माझ्या घराला कुलूप नव्हतं, माणसांनी भरलेलं घर होतं, तरी तो आवाज मला ओळखीचा होता.

"बाई म्हणू नका," मी शेवटी म्हटलं. "शाळेला सुट्टी आहे."

"मग काय म्हणू? चन्नम्मा?" त्यांनी नाव चाखून बघितल्यासारखं म्हटलं. "आजीचं नाव दिसतंय."

"तुमचं तरी कुठं नातवाचं आहे?"

ते इतक्या मोठ्यानं हसले की काठावरचे बगळे उडाले. तळ्यावरून वारा आला, गरमच, पण मला बरा वाटला.

असे आम्ही भेटत राहिलो. संप कधी मिटणार, याची सगळं शहर वाट बघत होतं. मी मात्र सकाळी पेपर उघडताना मनात म्हणायची, आज नको, अजून एक दिवस...

पुण्याचं मी त्यांना सांगितलं ते असंच बोलता बोलता. संप मिटल्यावर पहिल्या रविवारी, सकाळच्या गाडीनं. ते चालता चालता थांबले.

"कायमचं?"

"बाळ मोठं होईपर्यंत. म्हणजे... कायमचंच."

"तुम्हाला जायचंय?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारतोय की."

मी तळ्यातल्या मंदिराकडे बघत राहिले. दिवे लागले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काय हवंय ते विचारलं होतं, आणि मला उत्तरच येत नव्हतं. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी काय अर्थ घेतला कुणास ठाऊक. "बरोबर आहे. बहिणीचं लेकरू आहे," एवढंच ते म्हणाले आणि मला कोपऱ्यापर्यंत सोडून गेले.

मग संप मिटला.

मी दुकानात गेले तेव्हा नव्या बाबागाड्या ओळीनं उभ्या होत्या. ते नव्हते. "तुमच्यासंगं येत होते ते?" वीरभद्रप्पा चाचरत म्हणाले. "ते सकाळीच घेऊन गेले की, अक्का. थांबले न्हाईत."

थांबले न्हाईत. मी उगाच एका गाडीची छपरी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डोळ्यांत पाणी येतंय हे वीरभद्रप्पांना दिसू नये म्हणून.

"ढकलनार कोन हाय? त्यांनी हितं उभं ऱ्हावं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दांडा उंचीला बसाय पायजे, न्हाईतर पाठ धरतीया."

मी उभी राहिले. आधीच आत एक उशी होती. दांडा उंच होता, आणि माझ्या हातात असा बसला, जणू माप घेऊन केलेला. छान गाडी. सरळ चालणारी. तिच्यामागं मी पुण्याच्या रस्त्यांवरून चालतेय, लोक विचारताहेत 'बाळ तुमचं का हो?' आणि मी म्हणतेय 'नाही, बहिणीचं', आज, उद्या, तो शाळेत जाईपर्यंत... सगळं मला एका क्षणात दिसलं. बाळावर माझा जीव होता. पण मी घाबरले.

"दुसरी दाखवा," मी म्हटलं. "ढकलणारी माझ्यापेक्षा बुटकी आहे."

घरी लीलानं दांडा धरून बघितला आणि खूश झाली. "मला बरोबर होतीय, अक्का! पण तुला वाकावं लागेल."

"मला कशाला? आई तू आहेस." मग एका दमात सांगून टाकलं. "मी पुण्याला येत नाही, लीला. राजीनामाही देत नाही."

लीला आधी हसली, मग रडली. "तुझ्या भरवशावर मी बँकेत हो म्हटलंय... कुणी आहे का तुझं इथं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. जो होता, तो न थांबता निघून गेला होता. तरीही मला जायचं नव्हतं. दुसऱ्याच्या दारात माझं म्हातारपण मला नको होतं, माझ्या स्वतःच्या दारात चाललं असतं.

आमची आई, अव्वा, ज्वारी निवडत बसली होती. तिनं सुपातून मान वर केली नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मी जाते लीलीसंगं. तू एकटी ऱ्हाशील?"

"राहीन की," मी म्हटलं. ठणकावून म्हणायचं होतं, पण आवाज मध्येच चिरकला. अव्वा पुन्हा खडे काढू लागली.

रविवारी स्टेशनवर माणसांचा पूर लोटला होता. संपात अडकलेलं सगळं शहर त्याच गाडीनं निघालं असावं. लीला, बाळ आणि अव्वा कशीबशी बसली. बाबागाडी दोन बाकांच्या मधल्या वाटेत अशी घट्ट अडकली, की येणाऱ्याजाणाऱ्यानं तिला एकेक शिवी दिली. मी खाली उतरून नळावर तांब्या भरत होते.

तेवढ्यात ते दिसले.

प्लॅटफॉर्मवरून धावत होते, घामानं सदरा अंगाला चिकटलेला. प्रत्येक खिडकीशी थांबून आत वाकत होते. बायकांच्या डब्यात डोकावले, तिथं कुणीतरी झापलं, हात जोडले, पुढच्या खिडकीशी. त्यांचा चेहरा मला दिसला... ज्याला शोधतोय त्याचा मत्सर वाटावा असा चेहरा. कुणाला शोधतोय हा बिचारा एवढं?

मला. मला शोधत होते.

हाक मारायला हवी होती. नाही मारली. जन्मात मला कुणी असं शोधलं नव्हतं. आणखी एक डबा शोधू दे, असं वाटलं. आणि त्या एका डब्यानंच घोळ केला, कारण खिडकीतून त्यांना बाळ दिसलं, माझ्याच तोंडावळ्याची लीला दिसली, आणि ते थेट गाडीत चढले.

शिट्टी झाली. मी तांब्या घेऊन खिडकीकडे धावले. लीलाच्या खांद्यावरून त्यांचं तोंड बाहेर आलं.

"तुम्ही खाली?"

"मी जात नाही!"

"आधी सांगायचं की!"

"तुम्ही थांबलात कुठं?"

गाडी हलली. ते दाराकडे वळले, पण वाटेत बाबागाडी आडवी. तिला इकडून ढकलतात, तिकडून ओढतात, माणसं ओरडताहेत... मी खिडकीबरोबर चालत होते. अव्वानं माझ्या हातातला तांब्या घेतला, आणि मग त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"आता कुटं उडी मारता? कुर्डुवाडीला उतरा," ती म्हणाली. "बसा हितं. नाव काय तुमचं? कुन्या गावचे?"

"थांबाल का?" ते खिडकीतून ओरडले. "परतीच्या गाडीनं येतो!"

"थांबते!" मीही ओरडले. सगळ्या स्टेशननं ऐकलं. ऐकू दे.

मग प्लॅटफॉर्म रिकामा झाला. मी बाकावर बसले. ऊन चढलं, कुत्री सावलीला आली, एका हमालानं दोनदा विचारलं, "कुनाची वाट बघताय, बाई?" मी म्हटलं, "आमच्या माणसाची." म्हणून बघितलं, कसं वाटतं ते. छान वाटलं. मग भीतीही वाटली, की नाही आले तर? घर आता खरंच रिकामं होतं.

ऊन कलल्यावर परतीची गाडी आली. उतरणाऱ्यांत ते सगळ्यात शेवटी दिसले, दमलेले, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"तुमच्या अव्वांनी..." ते बाकावर टेकले. "मोहोळपर्यंत माझं गाव, घर, सोयरे, सगळं विचारून घेतलं. माढ्याला बाळ मांडीवर दिलं. त्यानं सदरा ओला केला. कुर्डुवाडीला ही त्यांची स्वतःची शिदोरी हातात ठेवली."

"ही कशाला?"

"म्हणाल्या, 'पोरगी एकटी असली की जेवत न्हाई, चहावर दिस काढतीया. समोर बसून खायला घाला. मग काय बोलायचं ते बोला.'"

मी फडकं सोडलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मला वाटायचं की अव्वा मला बघतच नाही. ती सगळं बघत होती, माझा रिकामा चहाचा कपसुद्धा. मी त्या भाकरीवर वाकून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

"खा आधी," ते म्हणाले.

"आधी बोला."

"त्यांनी बजावलंय. आधी जेवण."

मी घास घेतला. चटणी झणझणीत होती, डोळ्यांना आता दुसरं कारण मिळालं. ते माझ्याकडे बघत होते. आणि मग अहोजाहो सगळं कुर्डुवाडीलाच ठेवून आल्यासारखे, अगदी हळू म्हणाले, "चन्नम्मा... माज्यासंगं ऱ्हाशील का?"

माझ्या तोंडात घास होता. मी नुसती मान डोलावली, आणि उरलेली अर्धी भाकरी त्यांच्या हातात दिली.