माती तेवढी नेतो

त्या रविवारी आदिनाथ जालन्याहून गावाला निघाला तो मोरीचा पाईप बदलायला. घर भाड्यानं दिलं की असली कामं मालकाच्या पाचवीलाच पुजलेली. कधी नळ, कधी कडी, कधी उंदीर. मोटारसायकलला पाईप बांधलेला, पिशवीत पाना आणि भाडेकरणीच्या पोरीसाठी बिस्किटाचा पुडा. श्रावणाचे दिवस, आभाळ भरून आलेलं, दोन्ही बाजूंना कपाशी. मनात भीतीचा लवलेशही नव्हता. उलट स्वारी खुशीत होती.

खुशीत असणारच. घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला असलेल्या त्या गावातलं त्याचं घर आई गेल्यापासून कुलपात होतं. आईनं, जयवंताबाईनं, जाताना एवढंच म्हटलं होतं, "घरात संध्याकाळचा दिवा लागत जाऊ दे रे. कोणाचा का असंना." पण आदिनाथ एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला, बिऱ्हाड जालन्याला. बंद घर माणसाची वाट बघत नाही. भिंतीला पोट आलं, छताच्या एका लाकडी कडीला वाळवी लागली, वरचं मातीचं धाबं गळायला लागलं. दर पावसाळ्यात आपण आईचा शब्द थोडा थोडा वाहून जाऊ देतोय, असं त्याला वाटायचं आणि झोप लागायची नाही.

स्लॅब टाकावा तर मातीच्या भिंतींना तो पेलवत नाही. पत्रे टाकावेत तर वैशाखात घराचा तवा होतो. राहिलं जुनंच धाबं नव्यानं करणं. सागाच्या कड्या, त्यावर लाकडी पाट्या, पाट्यांवर निंबाचा पाला आणि वर हातभर पांढरी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि खाली थेंब येऊ देत नाही. पण ती आता मिळते कुठं? चांगली पांढरी माती गावात एकाच ठिकाणी उरली होती. ओढ्याकडेला, म्हस्कूच्या बसलेल्या घराच्या जागेवर.

म्हस्कूचं घर आदिनाथच्या लहानपणीच बसलं होतं. आठवडाभराची झड लागलेली, आणि पहाटे धाबं खाली आलं. म्हस्कू, त्याची बायको प्रभावती आणि म्हातारी आई, तिघंही झोपेतच गेली. पोरगी तेवढी मामाच्या गावाला गेली होती म्हणून वाचली. मामानं तिला तिकडंच ठेवून घेतलं. ती पुन्हा या गावात आली नाही, आणि त्या जागेवर कोणी घर बांधलं नाही.

अशा घराची माती उचलायची गावाची एक रीत होती. ज्याच्या घरावर ती पडणार, त्यानं पहिलं फावडं लागायच्या आत मोठ्यानं म्हणायचं, "माती तेवढी नेतो, माणसं इथंच राहू द्या." आदिनाथला हे आईनं सांगितलेलं होतं. पण माती भरायच्या दिवशी ऐन वेळी कंपनीतून फोन आला, रेंजसाठी तो रस्त्यावर गेला, आणि परत आला तर धाब्याचं काम करणाऱ्या याकूबचाचांनी ट्रॅक्टर निम्मा भरला होता. चाचा बोलले असतील, असं समजून आदिनाथ गप्प बसला. विचारायलाही त्याला कसंसंच वाटलं, शिकल्यासवरल्या माणसानं असलं काय विचारायचं!

धाबं झालं. दवाखान्याच्या उपकेंद्रातल्या नर्स वंदनाबाई आपल्या लहानग्या संध्याला घेऊन राहायला आल्या. नवरा पुण्याला कंपनीत. गेले दोन महिने घरात रोज दिवा लागत होता आणि भर पावसात एक थेंब गळला नव्हता.

आदिनाथ पोचला तेव्हा वंदनाबाई ओसरीवरच उभ्या होत्या.

"पाईपाचं राहू द्या, भाऊ. आधी आत या. मी मुद्दाम झाडलं न्हाई."

माजघरात अंधार आणि ओल्या मातीचा वास होता. डोळे सरावल्यावर दिसलं, की सगळ्या जमिनीवर पिठासारखी बारीक पांढरी धूळ पडली आहे. आदिनाथनं मालकाच्या तोंडी शोभेल असं उत्तर दिलं.

"नवं धाबं आहे, बाई. माती बसंपर्यंत झिरपती थोडी."

"झिरपू द्या की. त्याचं काय न्हाई. हे बघा." त्यांनी खाली बोट केलं. "रात्रभर धूळ पडती. आमी झोपतो तेवढी जागा सकाळी कोरी राहती. ही माझी. ही संध्याची... मंग या कोणाच्या?"

भिंतीच्या बाजूला धुळीत तीन कोऱ्या जागा होत्या. माणूसभर लांबीच्या. आदिनाथ वाकला. खांदे ओळखू येत होते, कंबर ओळखू येत होती. एकीचा हात बाजूला पसरलेला होता, आईनं पोराच्या उशाला द्यावा तसा. त्या हाताच्या आणि पलीकडच्या जागेच्या मधे थोडीशी, लेकराएवढी जागा सोडलेली होती. तिथं धूळ होती.

"आधी पार भिंतीला लागून होत्या," वंदनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज जरा जरा सरकून राह्यल्या... आमच्याकडं."

तेवढ्यात संध्या बाहेरून पळत आली. तिची बाहुली कोपऱ्यात होती. दारात ती थबकली, फ्रॉक वर धरला, आणि त्या तीन जागांना वळसा घालत, झोपलेल्या माणसांना पाय लागू नये तशी पावलं उचलत बाहुलीपर्यंत गेली. तशीच परत आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. आदिनाथच्या हातातला बिस्किटाचा पुडा तसाच राहिला.

तो थेट याकूबचाचांकडं गेला. चाचा अंगणात बाजेवर होते.

"चाचा, माती उचलायच्या टायमाला तुम्ही बोलले होते ना... माती तेवढी नेतो म्हणून?"

"मी?" चाचा उठून बसले. "अरे बाबा, घर तुझं, बोलायचं तू. मी बिस्मिल्ला करून फावडं लावलं. मला वाटलं, तू बोलून मंग फोनवर गेल्ता."

आत अकबरबीचाचीनं पदर डोक्यावर ओढल्याचं आदिनाथला दिसलं.

"माती जल्दी परत नेऊन टाक," चाचा म्हणाले. "आजच."

आता इथं आदिनाथ चुकला. वाईट माणूस नव्हता तो, पण घरात त्याचा जीव गुंतला होता. श्रावणात धाबं उघडं टाकलं तर मातीच्या भिंती चार पावसांत विरघळणार, हे त्याला कळत होतं. त्यानं आभाळाकडं पाहिलं. आजची रात्र निघू दे, उद्या ताडपत्री आणू, मग उतरवू, असं त्यानं ठरवलं. वंदनाबाईंना त्यानं ओसरीवर झोपायला सांगितलं, माजघराच्या दाराला स्वतःच्या हातानं बाहेरून कडी घातली आणि तो चाचांकडं मुक्कामाला राहिला.

पहाटे वंदनाबाईंच्या किंकाळीनं गल्ली जागी झाली.

ओसरीवर अंथरुणात संध्या नव्हती. माजघराची कडी जशीच्या तशी लागलेली. आदिनाथनं ती काढली. दार उघडलं. आत धूळ शांत पडलेली, एकही पाऊल उमटलेलं नाही. तीनही जागा आता माजघराच्या मधोमध आल्या होत्या. आणि त्या पसरलेल्या हाताच्या जागेवर डोकं ठेवून संध्या झोपली होती. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तळहात गालाखाली.

"संध्या... ए बाळा..."

पोर उठेना. वंदनाबाईंनी तिला उचललं, तर खालची जागा स्वच्छ कोरी होती. उंबऱ्याबाहेर आणल्यावर संध्यानं डोळे उघडले. भोवतीची गर्दी पाहिली आणि रडायला लागली.

आदिनाथनं ताडपत्रीची वाट पाहिली नाही. तो स्वतः कुदळ घेऊन धाब्यावर चढला. चाचा चढले, गल्लीतली माणसं चढली. दुपारपर्यंत सगळी माती ट्रॅक्टरमधून ओढ्याकडेला गेली. म्हस्कूच्या जागेवर शेवटची खेप रिकामी झाली तेव्हा आदिनाथ हात जोडून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमची माती आणली. तुम्ही बी घरी या. आमचं लेकरू आमच्याकडं राहू द्या."

त्या संध्याकाळी पाऊस कोसळला तो पोळा होईपर्यंत थांबलाच नाही. आधी मागची भिंत गेली, मग ओसरी. आदिनाथनं सुट्टी काढली नाही, बघायलाही गेला नाही. जालन्याच्या घरात बायको रेणुका सांजवात करायची तेव्हा तो उठून बाहेर जायचा. आईनं एकच गोष्ट मागितली होती आणि तीही आपल्याच्यानं झाली नाही, याचं दुःख त्याला आतून पोखरत होतं. पण पोर वाचली, असं तो मनाला बजावायचा आणि त्यावरच दिवस ढकलायचा.

वंदनाबाईंनी घनसावंगीला सिमेंटच्या नव्या घरात खोली घेतली. मार्गशीर्षात एकदा त्यानं फोन केला.

"संध्या कशी आहे?"

"चांगली आहे, भाऊ. शाळेत जाती, जेवती, बिलकुल त्रास न्हाई." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एकच आहे... सकाळी तिला उठवते, तर ती आपल्या जागेवरच असती. पण अंथरूण गार असतं. रात्रभर कोणी झोपलंच न्हाई, असं."

"थंडीचे दिवस आहेत, बाई," आदिनाथ म्हणाला. पुन्हा मालकाचंच उत्तर. आणि फोन ठेवल्यावर त्याला रात्रभर डोळा लागला नाही.

पहाटे अंधारातच निघून तो गावाला गेला. स्वतःच्या घराकडं वळला नाही, सरळ ओढ्याकडेला गेला. सूर्य नुकता वर आला होता. पावसानं म्हस्कूच्या जागेवरची माती सारवल्यासारखी सपाट केली होती आणि तिच्यावर दाट दव पडलं होतं. सगळीकडं पडलं होतं, फक्त तीन लांब जागा सोडून.

आणि त्यांच्या मधे एक चौथी. लहानशी. गुडघे पोटाशी घेतलेले, तळहात गालाखाली.

आदिनाथ खाली बसला. त्यानं बऱ्याच वेळानं, धीर करून, त्या लहान जागेवर हात ठेवला.

माती उबदार होती.